कुंडीतली शिंदी

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा अंगणात थबकतो, इकडेतिकडे पाहतो आणि मग सहानुभूतीच्या सुरात विचारतो, ‘‘हे गवत मुद्दाम लावलंय का हो?’’

त्याचं फारसं चुकत नाही. कळवणच्या आमच्या घराच्या पूर्वेला, हिरव्या जाळीखाली, बेचाळीस काळ्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या आहेत. त्यातल्या बहुतेक पिशव्यांतून वीतभर उंचीचं एकेक हिरवं पातं वर आलेलं आहे. ना फूल, ना फळ, ना सुवास. तरी मी रोज सकाळी चहाच्या आधी झारी घेऊन त्यांच्यामधून फिरतो, वाकून वाकून बघतो आणि एखाद्या पात्याला घडी पडून दुसरं पान फुटताना दिसलं, की आत जाऊन सौ.ला हाक मारतो. ती बिचारी पदराला हात पुसत येते, बघते आणि म्हणते, ‘‘अहो, कालच्यासारखंच तर आहे.’’

ही पाती म्हणजे पामची रोपं. ताड, माड, सुपारी, शिंदी यांच्या कुळातली, देशोदेशीची. बँकेच्या नोकरीत पस्तीस वर्षं मी लोकांना मुदत ठेवीचं महत्त्व समजावून सांगितलं. मुदतीआधी मोडू नका, व्याज बुडेल, असं शेकडो माणसांना बजावलं. निवृत्तीनंतर मात्र स्वतः असा एक छंद लावून घेतला, की ज्यातल्या काही ठेवींची मुदत पुरी होईल तेव्हा ठेवीदार हयात नसेल, हे पहिल्याच दिवशी पक्कं ठाऊक होतं.

सौ.चं माहेर कळवणचं. माझी नोकरीही मधली चार वर्षं इथल्याच शाखेत झाली, १९८६ ते १९९०. म्हणून निवृत्त झाल्यावर गिरणेच्या खोऱ्यातच घर बांधलं. कादंबऱ्या लिहायच्या आणि झाडं लावायची, एवढाच बेत होता. पामचं वेड लागलं ते केरळच्या सहलीत. तिथं एका रस्त्याच्या कडेला एक प्रचंड झाड मरून उभं होतं आणि त्याच्याखाली गोट्यांसारख्या टणक बियांचा खच पडला होता. वाटाड्यानं सांगितलं, हा तालीपोट, म्हणजे आपल्या पोथ्यांतला श्रीताल. दक्षिणेत आणि श्रीलंकेत ज्या ताडपत्रांवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्यांतली पुष्कळशी याच झाडाची. एकेक पान पाच मीटरपर्यंत रुंद होतं, त्याच्या छत्र्या होत, झोपड्या शाकारल्या जात. तीस ते ऐंशी वर्षं हे झाड नुसतं वाढतं. मग एकदाच, शेंड्यावर, वनस्पतिसृष्टीतला सर्वांत मोठा फुलोरा काढतं. फळं पिकायला सुमारे वर्ष लागतं. ती गळली, की झाड मरतं. साऱ्या आयुष्याची शिल्लक एकदाच खर्चून खातं बंद करणारं झाड! माझ्यातल्या बँकवाल्याला आणि लेखकाला, दोघांनाही ते एकदमच भेटलं. मी चार बिया खिशात टाकल्या.

घरी आल्यावर कळलं, की पामचं बी पेरणं म्हणजे मेथी पेरणं नव्हे. धान्याचं बी वाळवून कणगीत ठेवता येतं. पामचं बी बहुधा ताजंच लावावं लागतं. पुष्कळ जातींचं बी पार सुकलं, की आतला कोंब मरतो. वरचा गर काढून टाकायचा, बी दोन-तीन दिवस पाण्यात ठेवायचं, पाणी रोज बदलायचं. मग नारळाच्या काथ्याचा भुसा ओलसर करून, पिळल्यावर थेंब पडणार नाही इतपतच ओला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बियांसह बांधून उबदार जागी ठेवायचा. आमच्याकडे ही जागा म्हणजे फ्रिजच्या मागची फळी. तीस अंशांच्या आसपासची ऊब मिळाली, तर काही जाती महिन्याभरात अंकुरतात. काही वर्षभर ढिम्म राहतात आणि तुम्ही फेकून द्यायला निघालात, की त्याच दिवशी टोक दाखवतात. एकाच घडातल्या दोन बियांमध्येही सहा महिन्यांचं अंतर पडू शकतं.

गर काढताना मी एकदा चांगलाच फसलो. कोकणातल्या एका मित्रानं भेरली माडाची फळं पाठवली होती. हाही आपल्या सह्याद्रीचा पाम, शेंड्याकडून खाली फुलत येणारा आणि फुलणं संपलं की मरणारा. त्याच्या गरात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. मी उघड्या हातांनी पाऊण तास फळं चोळली आणि पुढची रात्र हात बर्फात घालून काढली. उदमांजरं आणि धनेश हीच फळं आवडीनं खातात आणि बिया रानभर पसरवतात. त्यांचं त्यांना लखलाभ. आम्ही तेव्हापासून हातमोजे घालतो.

कळवणचं हवामानही या पाहुण्यांना मानवणारं नाही. एप्रिल-मेमध्ये कोरडी झळ, डिसेंबरच्या रात्री डोंगराकडून येणारं बोचरं वारं. काळी माती पाणी धरून ठेवते आणि पामची मुळं कुजतात, म्हणून नदीची वाळू मिसळावी लागते. पिशवी उंच लागते, कारण यातल्या पुष्कळ जाती वर एक पान दाखवण्याआधी खाली हातभर मूळ सोडतात. रोप शेणखताच्या ढिगाजवळ ठेवलं, तर गेंड्या भुंगा येतो. तो खतात अंडी घालतो आणि पामचा कोवळा कोंब पोखरतो. पामला वाढीचं टोक एकच. आंबा छाटला तर बाजूनं फुटतो. बहुतेक पामचा तो एक कोंब गेला, की खेळ संपला. माझी दोन रोपं अशी गेली.

तालीपोटच्या चारपैकी तीन बिया रुजल्या. मी ती तीन पाती दहा महिने सांभाळली. मग गणपतीच्या आधी अंगण स्वच्छ करायला येणाऱ्या बाईंनी, आपलेपणानंच, कुंड्यांतलं ‘गवत’ उपटून टाकलं. त्यांना तरी काय बोलणार? लहानपणी पुष्कळ पाम गवतासारखे दिसतात. पंख्यासारखं पान होणारा असो की पिसासारखं होणारा, पहिलं पान बहुधा साधंच असतं. थोर होणाऱ्या झाडाचं वेगळेपण रोपावर दिसत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. एक रोप कुंडीच्या मागं होतं म्हणून वाचलं. ते आज सहा वर्षांचं आहे आणि माझ्या गुडघ्याएवढं आहे.

सहा वर्षांत गुडघ्याएवढं, हे ऐकून लोक हसतात. पण त्यामागं कारण आहे. कडुलिंबाच्या खोडाला वर्षागणिक नवी जाडी चढते. पामच्या खोडाला तशी चढत नाही. म्हणून तो आधी कित्येक वर्षं जमिनीलगतच बसून आपल्या खोडाची पूर्ण रुंदी भरून घेतो आणि ती झाली, की मगच वर निघतो. पाया भरल्याशिवाय मजला चढवायचा नाही, असा हा हिशेबी गडी.

छंद वाढत गेला तशी माझी भूकही वाढली. ‘दुर्मिळ’ हा शब्द दिसला, की मी पत्रं धाडू लागलो, फोन करू लागलो, पुण्या-मुंबईच्या रोपवाटिका पालथ्या घालू लागलो. परदेशातून बी मागवायचं, तर आयातीचा परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, तेव्हा तो नाद सोडला. पण वाचनाचा नाद लागला. आणि वाचता वाचता जे कळलं, त्यानं मी चकित झालो.

तुमच्या गावच्या मंगल कार्यालयाच्या दारात, पोटाशी फुगलेलं आणि मानेशी निमुळतं असं एक झाड असेल. त्याला सगळे बॉटल पाम म्हणतात. हे झाड मूळचं मॉरिशसच्या उत्तरेला असलेल्या राउंड आयलंड नावाच्या एका चिमुकल्या बेटावरचं. माणसानं तिथं बकऱ्या आणि ससे सोडले. त्यांनी कोवळं रोप म्हणून शिल्लक ठेवलं नाही आणि शेवटी त्या बेटावर हे पाम बोटांवर मोजण्याइतके उरले. १९७९ मध्ये बकऱ्या आणि १९८६ मध्ये ससे काढून टाकल्यावरच नवी रोपं तग धरू लागली. म्हणजे रानात जवळजवळ संपलेलं झाड आपल्याकडे वरातीच्या दिव्यांखाली उभं आहे!

त्याच्या शेजारी कोल्ह्याच्या शेपटीसारख्या झुबकेदार पानांचं झाड असेल, तर तो फॉक्सटेल पाम. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये केप मेलव्हिलच्या खडकाळ डोंगरांत तो वाढतो. तिथल्या मूळच्या लोकांना तो ठाऊक होता. शास्त्राच्या पुस्तकात मात्र त्याला १९८३ साली नाव मिळालं, वोडयेटी नावाच्या आदिवासी वृद्धाच्या स्मरणार्थ. मग त्याची एवढी हाव सुटली, की तिथल्या राष्ट्रीय उद्यानातून बियांच्या चोऱ्या झाल्या. आज तो आपल्या हमरस्त्यांवरच्या हॉटेलांच्या दारात पैशाला पासरी आहे.

आणि जिथं आपली मराठी माणसं एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीला गेली, त्याच मॉरिशसमध्ये, क्युरपीप गावच्या बागेत, एक पाम एकटा उभा आहे. त्याच्या जातीचा दुसरा जगात नाही. त्याची नरफुलं आणि मादीफुलं वेगवेगळ्या वेळी तयार होतात, त्यामुळे त्याची त्यालाही साथ नाही. प्रयोगशाळेत त्याची रोपं करण्याचे प्रयत्न झाले, पण ती जगली नाहीत. जगात पामच्या सुमारे अडीच हजार जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक धोक्यात असू शकतात, असं २०२२ मधल्या एका मोठ्या अभ्यासात लंडनच्या क्यू उद्यानातल्या आणि इतर शास्त्रज्ञांनी मांडलं.

हे सारं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगत असे. आपल्या अंगणात आपण जगाचं काहीतरी वाचवतो आहोत, असा थोडा तोराही मला आला होता. तो २०२३ च्या दिवाळीत उतरला.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दारावर एक मावशी केरसुण्या घेऊन आल्या. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागते. ती घरात लक्ष्मी म्हणूनच येते, हळदकुंकू लावून पूजली जाते. मी मावशींना ओळखलं. त्यांच्या यजमानांचं कर्जप्रकरण मी केलं होतं. त्याही मला ‘साहेब’च म्हणाल्या. सौ. केरसुण्या निवडत होती तेवढ्यात मावशी जाळीखाली शिरल्या. एका कुंडीत मेकाँग नदीकाठचा, ठेंगण्या जातीचा फिनिक्स पाम होता. त्यांनी त्याचं पान दोन बोटांत धरलं, खालून वर ओढलं, वाकवून बघितलं आणि एकदम विचारलं, ‘‘हाई शिंदी शे का?’’

मी म्हटलं, शिंदीचाच भाऊबंद, पण परदेशातला. त्यांनी मान हलवली. पान फार कोवळं, याची केरसुणी टिकायची नाही, म्हणाल्या. मग सौ.च्या हातातल्या केरसुणीकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की ही त्यांनी बांधलेलीच नाही. बाहेरगावाहून गठ्ठ्यानं आलेला माल त्या विकतात. बांधायला पान कुठं आहे? पूर्वी नाल्याला उतरलं, की भारा घेऊनच वर यायचं. आता नाला सरळ झाला, बांध वावरात गेले, शिंदी गेली. सगळं त्या तक्रार न करता सांगत होत्या, जणू पाऊस कमी झाला असं सांगावं तसं. पैसे घेऊन त्या निघून गेल्या.

मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. १९८८ सालचा तो अर्ज डोळ्यांपुढं येत राहिला. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेचं प्रकरण, कर्ज तीन हजार, त्यात एक तृतीयांश अनुदान. मी त्यांच्या घरी पाहणीला गेलो होतो. ओसरीत वाळलेल्या पानांचे भारे होते. खिळे ठोकलेल्या फळीवरून पान ओढून त्याच्या बारीक शिरा कशा करायच्या आणि मूठ कशी आवळायची, ते या दोघांनी मला करून दाखवलं होतं. मी जमिनीवर बसून फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता, ‘कच्च्या मालाची उपलब्धता’. मी मान वर करून नाल्याकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘मुबलक’.

तेव्हा ते खरंच होतं. नाल्याच्या दोन्ही काठांना शिंदीची दाटी होती. पाण्यावर झुकलेल्या झावळ्यांना सुगरणीचे खोपे लोंबत. पावसाच्या तोंडावर पोरं पिवळी फळं झोडपून खात. पुढं माझ्या एका कादंबरीतही मी तो नाला घातला. नायक सूर्यास्ताला तिथं जातो आणि मागं शिंदी उभी असते, नाटकातल्या पडद्यासारखी. म्हणजे मी आयुष्यात शिंदीबद्दल दोनदा लिहिलं. एकदा बँकेच्या कागदावर, एकदा कादंबरीत. दोन्ही वेळा ती कायमचीच आहे असं धरून. तीन हजारांच्या कर्जाला मी दोन जामीनदार मागितले होते. ज्या झाडांवर तो सगळा धंदा उभा होता, ती कोणाची, राहतील किती दिवस, हे मात्र विचारलं नाही. फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता.

कर्ज त्यांनी फेडलं, हेही सांगितलं पाहिजे. शेवटचा हप्ता मुदतीच्या आधी.

शिंदी काही क्युरपीपच्या पामसारखी दुर्मिळ नाही. भारतात ती पुष्कळ ठिकाणी आहे. नीरा आणि गूळ देते, शिवारात आपोआप उगवते. शास्त्राच्या कोणत्याही यादीत तिच्यापुढं लाल खूण नसेल. पण झाड दुर्मिळ होतं ते आधी एका नाल्यावर. मग दुसऱ्या. बॉटल पामसाठी मॉरिशसमध्ये माणसं धावली, कारण ते बेट लहान होतं आणि झाडं मोजता येत होती. आमचा नाला कोणी मोजला नव्हता. केरसुणी बांधणारे हात अजून आहेत, पान नाही. ते हात थांबले, की मग पान असून काय उपयोग?

पुढच्या जूनमध्ये मी मावशींना घेऊन शिंदीचं बी शोधायला निघालो. सात-आठ किलोमीटर फिरल्यावर एका जुन्या विहिरीशी दोन झाडं सापडली. एकाला फळं होती, दुसऱ्याला नव्हती. मावशी म्हणाल्या, तो नर आहे, तो असू द्या, त्याच्यामुळेच हिला फळ. शिंदीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी ते न वाचता सांगितलं. कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानात १८९४ साली सेशेल्स बेटांवरच्या जोडनारळाचं, म्हणजे आपल्याकडे ज्याच्या कवटीला दर्यायी नारळ म्हणतात त्याचं, रोप लावलं होतं. त्याला पहिलं फूल यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. ती मादी निघाली आणि जवळपास नर नाही, म्हणून बाहेरून पराग आणून माणसाला हातानं परागसिंचन करावं लागलं. एकच झाड लावणं म्हणजे नुसतं स्मारक उभं करणं. लावायचीच, तर डझनावारी लावली पाहिजेत.

शेतकऱ्याला विचारून आम्ही साठ बिया आणल्या. एका बाजूला चीर असलेली, खारकेच्या बीसारखीच ही बी. दोन-तीन महिन्यांत अडतीस रुजल्या. गंमत अशी, की कोंब बीजाच्या जागी वर येत नाही. बीजातून एक दांडी आधी खाली उतरते आणि जरा बाजूला जाऊन तिथून पातं वर काढते. इतकी वर्षं परदेशी बियांत हे कौतुकानं पाहत होतो. आपल्या विहिरीकाठच्या झाडाचीही तीच रीत होती.

यंदाच्या पावसाळ्यात त्यांतली वीस रोपं नाल्याकाठी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर लावली. जागा मावशींनी दाखवली. कुठं पाणी साचतं, कुठं ट्रॅक्टर वळतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. शिंदीला फुलायला वर्षं लागतील, खोड दिसायलाही वेळ लागेल. पण केरसुणीला खोड लागत नाही. झाड पुरुषभर उंच होण्याआधीच त्याची बाहेरची पानं बेतानं कापता येतात. मधली सुरळी तेवढी राखायची. मावशींच्या नातीला त्यांनी बरोबर आणलं होतं. कोणतं पान कापायचं आणि कोणतं नाही, ते त्या तिला वीतभर रोपावरच समजावून सांगत होत्या.

माझा तालीपोट त्याच्या वेगानं वाढतो आहे. तो फुलेल तेव्हा मी नसेन, आणि त्याबद्दल मला खंत नाही. पण सकाळी झारी घेऊन फिरून झालं, की हल्ली मी आठवड्यातून दोनदा नाल्यावरही जाऊन येतो. तिथं बकऱ्या येतात. राउंड आयलंडवर आल्या होत्या तशाच. मागच्या महिन्यात त्यांनी सहा रोपं खाल्ली. मग आम्ही उरलेल्यांभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं.

चौदा उरली आहेत. याला कोणी मुबलक म्हणणार नाही. पण ती मोजलेली आहेत.